हलाखीचा दाखला

सर रिचर्ड टेंपल हे नाव आज गोंदियात कुणी घेत नाही. पण धानाच्या या मुलखातला माणूस सरकारपुढे कसा उभा राहतो हे समजून घ्यायचे, तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागते. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, पुढच्याच वर्षी टेंपल त्याचा चीफ कमिशनर झाला. त्या दशकात जमिनीचा जो मोठा बंदोबस्त झाला, त्याने भोसल्यांच्या अमदानीतल्या गावपाटलांना गावाचे मालक करून टाकले. काल वसूल गोळा करणारा मालगुजार आज जमिनीचा धनी झाला. पुढे १८७७ च्या दुष्काळात हाच टेंपल सरकारचा खास प्रतिनिधी म्हणून मद्रास आणि मुंबई इलाख्यांत फिरला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला जगायला दिवसाकाठी किती धान्य पुरे, याचा त्याने हिशेब मांडला. उत्तर निघाले एक पौंड, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि वर एखादा आणा. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या मजुरीवर कामे सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली.

गाव कुणाच्या मालकीचे आणि भुकेल्याला कमीत कमी किती द्यायचे, हे दोन प्रश्न एकाच माणसाच्या हातून सुटले ही गोष्ट मला विचारात पाडते. कल्याणाचा इतिहास लिहिताना दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. पूर्व विदर्भात मात्र पहिल्या प्रश्नाला वगळून दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

मालगुजार मालक झाला, तरी गाव पुरते त्याच्या मुठीत गेले नव्हते. बंदोबस्ताच्या वेळी गावाचा वाजिब-उल-अर्ज लिहिला गेला. गावाच्या रिवाजांचे ते दप्तर. जळण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, नांगराला आणि घराच्या आढ्याला लाकूड कुठल्या जंगलातले घ्यायचे, तलावाचे पाणी कुणाच्या बांधीला कसे द्यायचे, हे सारे त्यात होते. याला आमच्याकडे निस्तार म्हणतात. आजही पटवाऱ्याकडच्या निस्तार पत्रकात या हक्कांचा माग लागतो. निस्ताराची गोम अशी की तो मिळवायला आपण गरीब आहोत हे कुणाला सिद्ध करावे लागत नसे. गावचा रहिवासी असणे एवढीच पात्रता होती.

आणि तलाव. गोंदिया हा तलावांचा जिल्हा, आणि ते तलाव बांधणारे प्रामुख्याने कोहळी समाजाचे लोक. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधली खिंड अडवून बांधला असे सांगतात. पाळीवर उभे राहिले की तीनशे वर्षांपूर्वी मोजमापाची आजची साधने नसताना उताराचा हा अंदाज माणसाने कसा घेतला असेल, याचे नवल वाटते. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत आणि लहान बोड्या त्यांहून निराळ्या. जून-जुलैत पाऊस ओढ देतो, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, पिवळे पडायला लागतात, तेव्हा तलावातले पाणी रोवणी वाचवते. सरकारने मदतीची एकही योजना काढलेली नव्हती तेव्हा या मुलखाची दुष्काळाविरुद्धची तजवीज ही होती.

तिचे गोडवे गाताना थांबावे लागते. पाळीवर माती टाकायला गावातले हात बेगारीने राबत. पाणी आधी कुणाच्या बांधीत उतरणार हे ठरवण्यात मालगुजाराचा शब्द चाले. ज्या जातींना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांचा तलावावरचा अधिकार काम करण्यापुरता होता. निस्तार हक्क होता, पण तो मालगुजाराच्या वाड्याच्या छायेत नांदणारा हक्क होता. ज्याने वाड्याशी वैर धरले त्याच्या गुरांना चराईत जागा मिळेलच, याची हमी कागद देत नव्हता.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी मध्य प्रांत मोडून पडला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. त्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या शिरगणतीत सुमारे ७ लाख ४३ हजार होती, ती १९०१ मध्ये ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत दर नऊ माणसांमागे एक कमी झाला. या दुष्काळांआधीच सरकारकडे फॅमिन कोड होते. १८८० च्या आयोगाने दुष्काळात काय करायचे याची नियमावली सुचवली होती आणि प्रांतोप्रांती ती तयार झाली होती. रस्ते, तलाव, रेल्वेचे भराव यांवर काम काढावे, धान्याच्या भावाशी मजुरी जोडावी, आणि जो काम करू शकत नाही त्याला घरपोच किंवा अन्नछत्रात मदत द्यावी, अशी तिची रचना. ती साधी वाटते. पण तिच्या मुळाशी एक शंका आहे. दुष्काळ खरोखर पडला आहे का हे पाहण्यासाठी आधी कसोटीची कामे काढायची. उन्हातान्हात, कमी मजुरीवर, घरापासून लांब माणसे येतात का ते बघायचे. आली तर दुष्काळ खरा.

ही शंका इंग्लंडहून आली होती. १८३४ च्या तिथल्या गरिबांच्या कायद्याने ठरवले होते की मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुराहूनही वाईट असली पाहिजे, नाहीतर लोक आळशी होतील. तिकडे वर्कहाऊस होते, इकडे खडीचा ढीग होता. १८९७ मध्ये या कसोटीत वेळ गेला. मध्य प्रांतातली मदत अपुरी पडली ही गोष्ट त्यानंतरच्या चौकशी आयोगालाही नोंदवावी लागली. पुढच्या दुष्काळात सरकारने हात सैल सोडला. १९०० च्या जुलैत मध्य प्रांतात २० लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती आणि गावोगावी अन्नछत्रे चालली. शंका कमी केली की जीव वाचतात, एवढे या दोन दुष्काळांतल्या तीन वर्षांच्या अंतराने दाखवून दिले होते. हा धडा त्यावेळी शिकला गेला आणि नंतर विसरला गेला, असे मला वाटते.

त्याच १८९६-९७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात एक वेगळी गोष्ट घडत होती. टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते फॅमिन कोडाचा मराठी गोषवारा छापून खेडोपाडी वाटत होते. पीक बुडाले तर सारा तहकूब करणे, काम काढणे हे सरकारचे नियमाने ठरलेले कर्तव्य आहे, ते मागायला लाजू नका, असे शेतकऱ्यांना सांगत होते. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली गेली. विचार केला तर त्या पत्रकांत नवीन काहीच नव्हते, नियम सरकारचेच होते. फक्त ते ज्याच्यासाठी होते त्याच्या हातात पडले. आपल्याकडे कल्याणाचा हक्क जन्मला तो तेव्हा, असे मी मानतो. कायदा व्हायला अजून ऐंशी वर्षे होती.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने गावे आणि बहुतेक तलाव सरकारजमा झाले. न्यायाच्या दृष्टीने हे होणे आवश्यक होते, त्याबद्दल दुमत असू नये. पण बेगार संपली तसा पाळीवर दर उन्हाळ्यात माती टाकणारा हातही उठला, आणि त्याच्या जागी मजुरी देऊन काम करवून घेणारी व्यवस्था मात्र वेळेवर आली नाही. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. माजी मालगुजारी तलाव म्हणजे ‘मामा तलाव’ हे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले. गाळ साचत गेला, बेशरमची झुडपे माजली, ढिवरांची मासोळी घटली. नवा मालक भला होता, पण तो नागपुरात आणि मुंबईत राहत होता.

याच सुमारास राज्यघटनेने कलम ४१ मध्ये म्हटले होते की बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक मदत मिळण्याची तजवीज राज्याने आपल्या आर्थिक कुवतीनुसार करावी. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणून त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. मग त्याचा उपयोग काय, हा आक्षेप घटना समितीतही आला होता. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले. त्याचा आशय असा की सत्तेवर येणाऱ्याला ही तत्त्वे मोडल्याबद्दल कोर्टात जाब द्यावा लागणार नाही, पण निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे तो द्यावाच लागेल.

हे वाक्य ज्यांनी उच्चारले ते बाबासाहेब १९५४ मध्ये आमच्याच भागात मतदारांपुढे उभे होते. भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार होते, आणि ते हरले. मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ या काळात ज्यांनी कामगार कल्याणाच्या कायद्यांचा पाया घातला, खाणकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेपासून कामगार विम्यापर्यंत ज्यांचा हात पोचला, त्यांना या मुलखाने निवडून दिले नाही. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. भंडारा-गोंदियातल्या वस्त्यांवर ही सल अजून जिवंत आहे. मला या पराभवात व्यक्तीच्या दुःखापलीकडे एक प्रश्न दिसतो. कल्याणाचा जाब फक्त मतपेटीतून मागायचा, तर मतपेटी नेहमी तोच प्रश्न विचारत असेल असे नाही. मतदार एका दिवशी अनेक हिशेब चुकते करतो, आणि त्यांत म्हाताऱ्याची पेन्शन बहुधा शेवटची असते. बाबासाहेबांनी दिलेले उत्तर खरे होते, पण एवढ्यावर भागणारे नव्हते.

न्यायालयात मागता येईल असा हक्क आणायचे काम वि. स. पागे यांनी केले. विधान परिषदेचे सभापती असलेले पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याच्या विसापूरचे. तिथे साठच्या दशकात त्यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर नेणे भाग पडले, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम झाला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पाकिटातून खेड्यातल्या मजुराच्या मस्टरवर पैसा जाऊ लागला. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राने केलेले इतके थोर काम मला दुसरे चटकन आठवत नाही.

वरवर पाहता ही रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो, फॅमिन कोडच होती. तीच खडी, तेच मातीकाम, तेच उन्हात मोजलेले चौकोन. तरीही पाग्यांनी कसोटीचा अर्थ उलटा केला. १८९७ मध्ये कष्टाची कसोटी माणसाला चाळण्यासाठी होती. १९७७ मध्ये जो कष्टाला तयार आहे त्याला दुसरे काहीही विचारायचे नाही, असे ठरले. जमीन किती, जात कोणती, उत्पन्न किती, रेशनकार्ड कोणते, यातले काही नाही. काम मागितले की पंधरा दिवसांत द्यायचे, देता आले नाही तर भत्ता द्यायचा. बाईला आणि पुरुषाला दर एक. मागणे हाच पुरावा. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने, म्हणजे मनरेगाने, हेच तत्त्व देशभर नेले, आणि २ फेब्रुवारी २००६ ला पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे १२ जिल्हे घेतले त्यांत गोंदिया होता. त्या पैशातून मामा तलावांचा गाळ निघाला, पाळी दुरुस्त झाल्या, शेतबोड्या खोदल्या गेल्या. मालगुजारीबरोबर पाळीवरून उठलेला हात पन्नास-पंचावन्न वर्षांनी मजुरी घेऊन परत आला. सगळीकडे नाही आणि सारखा नाही, पण आला.

बिडीची गोष्ट थोडक्यात सांगतो. गोंदिया शहर धानाच्या गिरण्यांवर आणि बिडीवर वाढले, आणि घरोघरी सुपात पाने घेऊन बसणाऱ्या बायांची गणती बराच काळ कुठेच नव्हती. १९६६ च्या कायद्याने त्यांना कामगार म्हटले. १९७६ मध्ये हजार बिड्यांमागे उपकर बसवून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरकुले यांसाठी निधी उभा केला. धंद्यानेच आपल्या मजुराची सोय पाहावी ही कल्पना चांगली होती. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला.

आता त्या योजनांकडे यायला हवे ज्यांत कष्टाची अट नाही, कारण ज्यांच्यासाठी त्या आहेत त्यांना कष्ट झेपत नाहीत. संजय गांधी निराधार योजना १९८० मध्ये सुरू झाली. १९९५ मध्ये केंद्राने वृद्धांसाठी पेन्शन आणली. गोंदियाच्या खेड्यात याला सरसकट ‘निराधारचे पैसे’ म्हणतात. महाराष्ट्राने ही रक्कम २०२३ मध्ये दीड हजारांवर नेली. त्यात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा २०० रुपये आहे आणि दहा वर्षांहून अधिक काळ तो हललेला नाही. मात्र मला इथे रकमेपेक्षा दाराशी काय घडते ते बोलायचे आहे.

निराधारसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपये राहिली. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. हिशेब करून पाहावा. घरातली सून रोहयोवर ६८ दिवस गेली की त्या घराचे उत्पन्न मर्यादेबाहेर जाते आणि तिची विधवा सासू निराधार उरत नाही. सरकारने एका कायद्याने शंभर दिवसांची हमी दिली आणि दुसऱ्या नियमाने सदुसष्टाव्या दिवशी थांबायला सांगितले. म्हणून प्रत्यक्षात काय होते? पटवाऱ्याचा अहवाल आणि तहसीलचा दाखला यांवर खरे नसलेले आकडे पडतात. देणाऱ्याला ते ठाऊक असते, घेणाऱ्यालाही. आयुष्यभर कुणाची दमडी न बुडवलेल्या म्हातारीला सत्तराव्या वर्षी सरकारदरबारी खोटे बोलावे लागते, आणि तो कागद कोण कधी उघडेल या धाकात ती राहते. एखाद्या राज्यसंस्थेने आपल्या नागरिकाचे याहून मोठे नुकसान क्वचितच केले असेल.

दाखल्यामागून अंगठा आला. रोवणीत चिखलात आणि बिडीच्या पानांवर झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला उमटत नाहीत हे रेशन दुकानदार रोज पाहतो. २०२३ पासून मनरेगाच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो मोबाईलवरून पाठवणे सक्तीचे झाले. देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीत रेंजसाठी टेकडी शोधावी लागते. गैरव्यवहार होतात, खोटी मस्टरे भरली गेली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कंत्राटदाराच्या आणि कर्मचाऱ्याच्या चोरीचा बंदोबस्त मजुराचा चेहरा टिपून करायचा, हा जुन्या कसोटीच्या कामाचाच वंश आहे. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत बायांना महिन्याला दीड हजार रुपये मिळू लागले. निवडणुकीपूर्वी अर्ज सढळ हाताने मंजूर झाले, आणि निवडणूक झाल्यावर पडताळणी सुरू झाली. नवऱ्याच्या हाताकडे न बघता घरात खर्चाला पैसे मिळणे ही त्या बाईसाठी मोठी गोष्ट आहे आणि तिला फुकटी म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. पण जे मतांच्या हंगामात दिले जाते ते हंगाम ओसरल्यावर तपासले जाते, हेही तिने पाहिले.

धानाचा प्रवास पाहिला की मदत घेणाऱ्यावरची ही शंका किती अनाठायी आहे ते कळते. आदिवासी विकास महामंडळ आणि मार्केटिंग फेडरेशन यांच्या केंद्रांवर शेतकरी आधारभूत किमतीने धान देतो. गिरणी भरडाई करून क्विंटलमागे सुमारे ६७ किलो तांदूळ सरकारला परत करते, आणि तोच तांदूळ रेशनवर येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य गटात माणशी ५ किलो धान्य दिले. रोवणीला गेलेली मजूर बाई जो तांदूळ रेशनवरून आणते, तो कदाचित तिच्याच हातांनी लावलेल्या पऱ्ह्यांचा असतो. लाभार्थी असे तिला म्हणताना आपण तिच्या हिशेबातली जमेची बाजू पुसून टाकतो.

वाट कुठे असेल, याचा विचार करताना मला निस्ताराकडे परत जावेसे वाटते. वाड्याची छाया वजा करून. १९६९ च्या कायद्याने तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा सामूहिक हक्क मान्य केला, आणि २०१३ पासून गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. गावात पैसा आला की कुणाला किती, यावरून सभेत भांडणे होतात. ती भांडणे मला मोलाची वाटतात, कारण तिथे कोण अडचणीत आहे हे कागदाला विचारावे लागत नाही. अमकीचा नवरा कोणत्या वर्षी गेला, तमक्याचा मुलगा हैदराबादेकडे कामाला जाऊन परतला नाही, हे सांगायला तिथे दहा जण असतात. सभेतही बलदंडांचे वजन असते आणि एकट्या बाईचा आवाज दबतो, म्हणून सभेवर सगळे सोपवून सरकारने मोकळे होता कामा नये. पण निराधारच्या बाबतीत एवढे आज करता येईल: ग्रामसभेने नाव घेतले की तो ठराव हाच दाखला मानावा आणि पैसे पुढच्या महिन्यापासून सुरू करावेत. तहसीलला ती बाई अपात्र वाटत असेल, तर तहसीलने पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी, कारण द्यावे, आणि पुरावाही तहसीलनेच आणावा.